पाटे बसले होते

बाबांची पद्मिनी १९८८ सालची. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा गाडीबद्दल मला चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं. स्टिअरिंगजवळचा गिअरसुद्धा मी नव्यानं शिकले. बाबा छापखान्याच्या कागदाचे गठ्ठे वर्षानुवर्षं तिच्या डिकीतून नेत. त्यामुळे असेल, पण मागून ती खाली दबलेली दिसे. आमच्या बोळाच्या तोंडाशी गतिरोधक आहे. मागच्या सीटवर दोघं बसले की तिथं सायलेन्सर घासायचा, आणि तो आवाज मला अक्षरशः सोसवत नसे.

गाडी शॉकअपवर उभी असते, अशी माझी पक्की समजूत. म्हणून मागचे दोन्ही शॉकअप बदलले. खड्ड्यानंतरचं हेलकावणं थांबलं, उंची मात्र जिथल्या तिथं. मला काही कळेना.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाट्यांचं काम करणाऱ्या एका चाचांकडे गेले. त्यांनी डिकीत पडलेला जुना शॉकअप उचलला आणि हातानं दाबला. तो दबून तसाच राहिला.

"ताई, ह्यो गाडी उचलून धरंल व्हय? ह्यो नुसतं हेलकावं थांबवतोय. वजन सगळं पाट्यावर. तुमचं पाटं बसल्यात."

मग गाडीखाली वाकून पाहिलं. पद्मिनीच्या मागच्या बाजूला पोलादी पट्ट्यांची, म्हणजेच पाट्यांची, कमान असते, वरची लांब, खालच्या आखूड होत गेलेल्या. आमच्या कमानीचा बाक जवळजवळ सरळ झाला होता. चाचांनी मोजायचं कसं तेही शिकवलं. जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, म्हणजे टायरमधल्या हवेचा फरक मोजमापात येत नाही. उजवी बाजू डावीपेक्षा दीड सेंटिमीटर खाली होती. ते मी वहीत लिहून घेतलं.

उपाय सुचवणारे बरेच भेटले होते. एक जण म्हणाला, पाट्याच्या मागच्या टोकाची शॅकल, म्हणजे ते टोक गाडीला जोडणारी हलती कडी, लांब करा. दोन इंच लांब केली तर गाडी दोन इंच उठेल ना, असं मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, एकच. पाट्याचं पुढचं टोक जागेवरच राहतं, मागचं तेवढं उठतं, आणि ॲक्सल मधोमध. शिवाय लांब शॅकलवर गाडी आडवी डुलते. दुसऱ्यानं एक पाटा वाढवायला सांगितलं होतं. त्यावर चाचा म्हणाले, "रिकामी गाडी उड्या मारंल."

या बोलण्यातून मला कळलं की गाडी उंच करण्याची मला गरजच नव्हती. तिची गेलेली उंची तिला परत हवी होती. कायद्यालाही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, पण माझ्या मनात त्याहून मोठं कारण होतं. बाबांची गाडी मला बाबांच्या गाडीसारखीच हवी होती.

पाटे सुटे झाल्यावर चाचांनी फरशीवर खडूनं जुना बाक काढला आणि त्याच्या वर नवा. एकेक पाटा तापवून, ठोकून त्या रेषेवर आणला. मग तेलात विझवून पुन्हा बेतानं तापवला. नुसता लाल करून सोडला तर पोलादाचा दम जातो, नुसता विझवला तर ते ठिसूळ होतं. तेलात बुडवत असूनही ते याला 'पाणी देणं'च म्हणत. तो शब्द आजीच्या विळ्याच्या संदर्भात लहानपणी ऐकला होता. इतक्या वर्षांनी त्याचा अर्थ डोळ्यांसमोर दिसला.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट पाटे बसवताना घडली. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळले, पण दोन्ही टोकांचे बोल्ट ढिले ठेवूनच गाडी जॅकवरून उतरवली. मी घाबरून ओरडलेच. चाचांनी हात करून थांबवलं. त्या टोकांत रबरी बुश असतात. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. वजन आलं की ते पिळवटतं, उंची खोटी दाखवतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी चारही चाकं जमिनीवर, गाडी दोनचार वेळा दाबून हलवायची आणि मगच शेवटचे आटे. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ नये, याकडेही त्यांचं सारखं लक्ष होतं.

मागची बाजू उठल्यावर दिव्यांचा झोत खाली गेला. तोही भिंतीसमोर गाडी उभी करून नीट करून घेतला.

"महिन्यात जरा बसंल," चाचांनी निघताना सांगितलं होतं. महिन्यानं मी स्वतः टेप घेऊन मोजलं. अर्धा सेंटिमीटर बसली होती, दोन्ही बाजूंना सारखी. वहीत दीड सेंटिमीटरच्या ओळीखाली तेही लिहिलं आणि आईला व मावशीला मागे बसवून बोळाबाहेर पडले. गतिरोधकावर आई काहीतरी सांगत होती, आणि तिचा शब्द न् शब्द ऐकू आला.