मूसारामबागेचा शत्रू



आबिड्सला सेंट जोसेफ कॅथीड्रल ज्या भागात आहे, त्याला गनफाउंड्री म्हणतात. जुनं नाव ‘तोप का सांचा’. इथून जाणारे आपण कितीजण याचं कारण विचारतो? जामखेडहून सुट्टीत आलेल्या माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “मावशी, चर्चजवळ तोफा कशाला?”

मग वही निघाली आणि चार दिवस दुसरा विषय नाही.

उत्तर मिळालं ते असं. मिशेल रेमंड नावाचा फ्रेंच सेनानी दुसऱ्या निजामाच्या, म्हणजे निजाम अली खानाच्या चाकरीत होता. त्याने 1786 मध्ये इथे तोफा ओतण्याचा कारखाना काढला. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांशी लढाई झाली, तेव्हा निजामाच्या बाजूने याच रेमंडच्या पलटणी उभ्या होत्या. हे ऐकून पोरगं उसळलंच. खर्डा त्याच्या तालुक्यातला, तिथला किल्ला त्याने पाहिलेला. “म्हणजे हा आपला शत्रू!”

रेमंड 1798 मध्ये वारला. त्याची कबर मलकपेठेच्या पलीकडे, आस्मानगढच्या टेकडीवर आहे. मेट्रोच्या ‘मूसारामबाग’ स्टेशनाच्या नावात आजही तोच आहे. हिंदू त्याला मूसाराम म्हणत, मुसलमान मूसा रहीम. त्याच्या मृत्युदिनी लोक ऊद-दिवे घेऊन कबरीवर जमत. तो काही संत नव्हता, पगारी लढवय्या होता. पण गरिबांनी त्याला आपलं मानलं होतं.

मी संडेस्कूलच्या सवयीने मत्तय 5:44 काढून दिलं. म्हटलं, बघ, परक्यावरसुद्धा लोकांनी कशी प्रीती केली. त्याने ते वचन दोनदा वाचलं.

“पण मावशी, इथल्या लोकांचा तो शत्रू नव्हताच. त्यांच्याच बाजूने लढला. शत्रू आपला होता. मग दिवा आपण लावायला पाहिजे ना?”

इतकी वर्षं हे वचन मुलांकडून पाठ करून घेते आहे. असा हिशेब कुणी मांडला नव्हता.

शनिवारी आम्ही टेकडीवर गेलो. दगडी स्तंभावर ‘जे. आर.’ एवढीच अक्षरं. त्याने ती वहीत उतरवली आणि खाली लिहिलं, ‘खर्ड्याहून आलो’. वारा फार होता. मेणबत्ती तीनदा विझली. चौथ्या वेळी त्याने वहीचा पुठ्ठा आड धरला.