आज कुठली गोष्ट?

दोस्तांनो, हेवी मेटल म्हणजे नुसता धांगडधिंगा, असं तुमच्याही घरी म्हणतात ना? रत्नागिरीत आमची आजी तर कानांत बोटंच घालायची!

मग एकदा तिला ‘आयर्न मेडन’च्या १९८४ सालच्या गाण्याची गोष्ट सांगितली. कोलरिजच्या कवितेवरचं हे गाणं तेरा मिनिटांहून मोठं! एक खलाशी उगाच अल्बट्रॉस पक्ष्याला मारतो, वारा पडतो, जहाज भरसमुद्रात अडकतं. इथे ढोल-गिटार थांबल्यासारखे होतात. फळ्या करकरताना ऐकू येतात.

मिरकरवाड्याची माहेरवाशीण ती! म्हणाली, “वारा पडला की शिडाची होडी अशीच गप्प होते रे!”

२००८ साली १ फेब्रुवारीला मुंबईतही त्यांनी हे गाणं सादर केलं. त्या दौऱ्यात बँडचं विमान गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवायचा!

आता गाणं लावलं की आजीच विचारते, “आज कुठली गोष्ट?” तुम्हीही सांगून बघा ना घरी!