बैहरचा घाट आणि मामांची पिकअप

गोंदियाहून राजेगावला बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. तरी बालाघाटला मामांच्या घरात मराठीच चालते. 1956 पर्यंत तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, हे मामा दर भेटीत ऐकवतात!

या दिवाळीत मात्र विषय होता त्यांची 20 वर्षांची पिकअप. बैहरच्या घाटात एका वळणावर समोरच्या ट्रकसाठी थांबलो आणि पहिला गिअर पडेचना. मागे धानाची पोती. मामांनी हँडब्रेक ओढला, मी चाकांमागे दगड लावले.

"गिअरबॉक्स गेला म्हणते मिस्त्री. मोठा खर्च आहे. विकूनच टाकतो आता."

दोष कुठे नाही ते आधी शोधायचं, ही माझी नोकरीतली सवय. इंजिन बंद केलं, तर सगळे गिअर अलगद पडले. म्हणजे गिअरबॉक्स बहुधा ठीक. इंजिन चालू करून रिव्हर्स टाकला की करकर. म्हणजे पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता. क्लचप्लेट घसरत असती तर इंजिन नुसतं ओरडलं असतं, गाडी चढली नसती, जळका वास आला असता. तसं काहीच नव्हतं. पेडल भराभर तीन-चारदा मारलं, गिअर पडला! बॉनेट उघडलं, तर क्लचच्या डबीत तेल तळाला; खाली वाकलो, तर गिअरबॉक्सजवळचा छोटा सिलिंडर ओलाचिंब.

पेडल मारत, जपून परतलो. सिलिंडर बदलला, तेल भरून हवा काढली. गिअरबॉक्स उतरवावाच लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच घाट. त्याच वळणावर मामांनी मुद्दाम गाडी थांबवली, पहिला टाकला आणि रस्त्याकडे बघतच म्हणाले, "नाही विकत."