इंदिरानगरात कापडाचा सेल

गोविंदनगरकडून हायवेखालच्या बोगद्यातून इंदिरानगरात शिरायचं म्हणजे संध्याकाळी हॉर्नची मैफल ठरलेली. पलीकडे मात्र जॉगिंग ट्रॅक, झाडं, सोसायट्या, एकदम निवांत. अशाच एका सोसायटीत मी दोन रविवार चक्क दुकान मांडलं. दुकान मावशीचं. माल म्हणजे गोधड्यांसाठी तीस वर्षं जमवलेलं कापड, तीन लोखंडी कपाटं आणि एक दिवाण भरून! मावशी लेकीकडे पुण्याला चाललीय, तिथे एवढं मावणार कुठे?

गंमत बघा, गोधडी हा मुळात फुकटचा मामला. विरलेली लुगडी, जुनी धोतरं, आत चिंध्या, वरून धावदोरा. त्यासाठी नवं कापड विकत घेणं हा आपला फ्लॅटवाल्यांचा शौक. गुळेदगुड्डचे खण, मालेगावचं सुती कापड, मेन रोडवरचे कटपीस... मावशी घ्यायची, घडी घालून ठेवायची. शिवायचं रिटायर झाल्यावर. रिटायर झाली आणि डोळ्यांनी संप केला.

खण पहिल्याच दुपारी साफ! कॉलेजच्या मुलींनी ब्लाउज आणि पिशव्यांसाठी उचलले. कटपीस शंभर रुपये किलोने लावले होते. एका बुटिकवालीने साठवर आणून चौदा किलो नेले. मावशी उठून आत गेली. (घासाघीस चालू असताना मालकिणीला चहा करायला पाठवावं, हा फुकट सल्ला.)

गाडी अडली ती आजीच्या आठ नऊवारींपाशी. धुऊन धुऊन मलमलीसारख्या मऊ झालेल्या. गोधडीला याहून चांगलं कापड नाही, सुई कशी सुळकन जाते. आणि नेमकं त्यालाच गिऱ्हाईक नाही! बोहारणीने आठांवर एक स्टीलचं पातेलं देऊ केलं.

मी मावशीला सांगितलं, अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या आणि त्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या.

"हो का? त्यांना पातेलं केवढं मिळालं गं?"

शेवटी दोन नऊवारी मी ठेवून घेतल्या. सहा घरकामाच्या ताईंनी पाथर्डी गावात आपल्या आईकडे नेल्या. त्या अजून हाताने शिवतात. दोन वर-खाली, चार आत. शिलाईचे पैसे मावशीने कटपीसच्या कमाईतून आगाऊ दिले. गोधडी पुण्याला जाणार.

"टाके बारीक घाला म्हणावं," ताई जिना उतरेपर्यंत मावशीने दोनदा बजावलं.