पुढे काम चालू आहे

बीड जिल्ह्यात सहलीला जा, असे सहसा कोणी सुचवीत नाही. खुद्द बीड शहरात आगगाडी पोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. परळीची बाजू सोडली तर या जिल्ह्याने आजवर जे काही ओढले ते रस्त्यावरून. आणि रस्ता म्हटला की त्याचे काम आलेच. गेल्या दहा-बारा वर्षांत मी इथे पुष्कळदा मोटारीने हिंडलो. कोठला ना कोठला रस्ता उकरलेला नाही, अशी एकही फेरी आठवत नाही.

उत्तरेकडून येताना शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई, गढी आणि मग बीड. हा धुळे-सोलापूर हमरस्ता. पूर्वी त्याचा क्रमांक २११ होता, आता ५२; पंजाबात संगरूरला निघून तो कर्नाटकात अंकोल्याला समुद्र गाठतो. बीड मागे टाकले की निजामशाही काळातली खजाना विहीर लागते. ती जरूर पाहावी. पुढे बालाघाटाची चढण संपता संपता मांजरसुंबा येते आणि वाटा फुटतात: सरळ चौसाळ्यावरून सोलापूर, उजवीकडे पाटोदा, डावीकडे केज-अंबाजोगाई. चहा प्यायला ही जागा उत्तम. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जाल तर जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी निघालेल्या दिंड्या रस्त्याच्या कडेने चाललेल्या दिसतील. तेव्हा तर गाडी बैलाच्याच चालीने हाकावी.

केजकडचा रस्ता सिमेंटचा होत होता, त्या दिवसांत मी त्या वाटेने बऱ्याच वेळा गेलो. डांबरी रस्त्यावर रोलर फिरला की थोड्या वेळात वाहने सुटतात. सिमेंटचे तसे नाही. त्याची ताकद मोजतात ती २८ दिवसांची. तोवर त्याला ओल्या गोणपाटाखाली, तान्ह्या पोरासारखे जपावे लागते. म्हणून निम्मा रस्ता झाकलेला आणि उरलेल्या निम्म्यावरून दोन्ही दिशांची रहदारी. नवा थर वीतभराहून जाड, त्याखाली आणखी एक थर. त्यामुळे नव्याची कड जुन्याच्या शेजारी ओट्यासारखी उभी. शिवाय इथली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर मुरमाचा भरावही चढवावा लागतो. या कडेवरून चाक खाली गेले, तर घाबरून स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. गाडी उलटते ती बहुधा त्या झटक्याने. पाय हळूच उचलावा, वेग मरू द्यावा आणि कड जिथे बुटकी असेल तिथून वर यावे.

अशा ठिकाणी काय काय असावे, हे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१४ च्या मार्गदर्शिकेत नीट सांगितले आहे: बऱ्याच आधी सूचनेचा फलक, मग हळूहळू निमुळता होणारा रस्ता, मग काम, मग मोकळी वाट. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने तर सुरक्षिततेचे नियम न पाळता रस्ता बांधणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंडही ठेवला. कागदावर सारे आहे. प्रत्यक्षात मला एकदा रात्री वळणरस्ता कळला तो चुना फासलेल्या चार धोंड्यांवरून, आणि त्यांतल्या दोहोंचा चुना पावसाने धुतलेला! म्हणून इथे फलकावर विसंबू नये. मुरमाचा ढीग दिसला, टँकरने शिंपडलेली ओल दिसली, धुळीचा पडदा दिसला की तोच फलक समजावा. धुळीत प्रखर दिवा लावला तर डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहते. दिवा खाली पाडावा.

केजच्या अलीकडे एकदा लाल फडके घेतलेल्या एका तरुण पोराने आम्हाला थांबवले. दिवाळी होऊन चार दिवस झाले असतील. मागच्या एका शहाण्याने रांग मोडून गाडी पुढे घातली. अशी दुसरी रांग झाली की समोरून येणाऱ्याला निघायला जागाच उरत नाही, हे त्याला कोण सांगणार? पोराने मात्र सांगितले, “सायेब, मागं घ्या. तिकडून ट्राल्या सुटल्यात.”

मी खाली उतरून विचारले, “शेवटची गाडी कोणती, हे तुला कळतं कसं?”

“लिंबाची डहाळी असती की तिच्याजवळ. तिकडचा गडी देतो. डहाळी आल्याबिगर मी कुणालाच सोडत नाही, काका.”

एकेरी लोहमार्गावर पूर्वी आगगाडीचा चालक गोळा घेऊन जात असे, त्यातलाच हा प्रकार. मला तो फार आवडला.

मग ट्रॅक्टर आले. एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, हंडे, शेळ्या, गोधड्या आणि त्यांवर बसलेली माणसे, मांडीवर पोरे. ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडे. पावसाळा सरला की रस्त्याची कामे जोर धरतात, आणि नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. कोयता घेऊन निघालेला जिल्हा आणि उकरलेला रस्ता यांची गाठ दरसाल अशी पडते. मागच्या ट्रॉलीला तांबडा दिवा नव्हता. परावर्तक पट्टीही धुळीने बुजलेली. भरधाव येणाऱ्या मोटारीला ती दिसणार कधी? आत मात्र दहा-बारा माणसे.

“तुझं कोणी आहे का यांत?” मी विचारले.

“आई-बाप कालच गेले. कोल्हापूरकडं. मुकादमाची उचल घेतलीया.” नजर रस्त्यावरच ठेवून तो बोलत होता.

शेवटच्या ट्रॉलीतल्या म्हातारीने डहाळी त्याच्याकडे टाकली. त्याने ती आमच्या रांगेतल्या शेवटच्या गाडीकडे नेऊन दिली आणि लाल फडके खाली केले. आम्ही निघालो तेव्हा कडेला काही बाया गोणपाटावर पाणी मारीत होत्या. त्यांच्या पाठी आमच्याकडे होत्या.

पुढचे तीनएक मैल मी दुसरा गियर बदलला नाही. मागच्या शहाण्याने भोंगा वाजवून पाहिला, मग तोही गप्प झाला. अंबाजोगाईला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. योगेश्वरीचे दर्शन झाले. मुकुंदराजांची समाधी सकाळवर राहिली.