गाडी, गारठा आणि शेजारधर्म

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना तिचे वर्णन सांगावयास नको आणि ज्यांनी अनुभवली नाही त्यांना ते सांगून पटावयाचे नाही. पौष-माघात पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो, धुके दुपार जवळ आली तरी हटत नाही, आणि रजईतून हात बाहेर काढणे हाच मोठा पुरुषार्थ ठरतो. अशा दिवसांत आमच्या घरी सध्या एका वस्तूवरून वाद चालू आहे. ती वस्तू म्हणजे ‘जंप स्टार्टर’. ती घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न वरवर हजारपाचशेच्या हिशोबाचा वाटतो. पण विचार करू लागलो तेव्हा तो तेवढाच नाही, असे आमच्या ध्यानी आले.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जाडजूड पुस्तकाएवढी ही पेटी असते. आत लिथियमचे घट, बाहेर लाल व काळा असे दोन चिमटे. गाडीची बॅटरी उतरली की लाल चिमटा धन टोकास आणि काळा ऋण टोकास लावावयाचा व गाडी सुरू करावयाची. दुसरी गाडी नको, धक्का नको, कुणाची वाट पाहणे नको. आमचे चिरंजीव कॅनडात असतात. तिथल्या हिवाळ्यात ही पेटी त्यांच्या घरी टॉर्चइतकीच नित्याची. तेव्हा “बाबा, मी इथूनच मागवून देतो,” असा त्यांचा आग्रह.

आमच्या सौभाग्यवतींचा मात्र या खरेदीस ठाम विरोध. त्यांचे म्हणणे असे की, कॅनडातले पाणी गोठते म्हणून ग्वाल्हेरकरांनी औषध का घ्यावे? आणि शास्त्र पाहू गेल्यास त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केली. तिचे सारे सामर्थ्य रासायनिक क्रियेत आहे आणि गारठ्यात ती क्रिया मंदावते. शून्य अंशाला तिचा जोर साधारण दोन-तृतीयांशावर येतो. इंजिनातले तेलही त्याच वेळी दाट होते, म्हणजे काम वाढते आणि ताकद घटते. तथापि आपल्याकडील ४-५ अंशांची थंडी एखाद्या धडधाकट बॅटरीचा प्राण घेत नाही. तिचा खरा वैरी आहे तो आपला उन्हाळा. ४५ अंशांच्या वैशाखात तिच्यातील पाणी आटते, पट्ट्या झिजतात. जखम ज्येष्ठात होते, कण्हणे पौषात ऐकू येते. म्हणूनच आपल्या भागात बॅटरी तीन-चार वर्षांत थकते. “मग पेटी कशाला? दसऱ्याला गाडीची पूजा करता, त्याच दिवशी बॅटरी तपासून घ्या,” हा सौभाग्यवतींचा निकाल.

हा सल्ला आम्ही शिरोधार्य मानतो. स्वस्थ उभ्या गाडीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. आकडा १२ च्या आसपास आला की ती जवळजवळ रिकामी समजावी. ही तपासणी कोणताही बॅटरीवाला पाच मिनिटांत करून देतो. शिवाय निवृत्तांच्या गाड्या उभ्याच अधिक असतात. घड्याळ, चोर-घंटी असली यंत्रे तिचे रक्त थेंबथेंब पीत राहतात आणि मंडईपर्यंतच्या फेरीत तो तोटा भरून निघत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी चालविणे, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

असे असूनही मन पेटीकडे का ओढ घेते, ते सांगावयास हवे. गेल्या माघात पहाटे चारच्या सुमारास आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, दम्याची धाप लागली. गाडीची बॅटरी चार वर्षांची; किल्ली फिरविताच नुसते टक्‌टक्‌ झाले. १०८ ला फोन केला, पण धुक्यामुळे रुग्णवाहिकेस वेळ लागेल असे कळले. तेव्हा समोरच्या घरातील निवृत्त प्राध्यापक मफलर गुंडाळून बाहेर आले आणि त्यांनी आपल्या गाडीतून आम्हांस इस्पितळात पोहोचविले. दादा पाचव्या दिवशी घरी आले. प्राध्यापक म्हणाले, “अहो, शेजारी आहोत, त्यात काय!” परंतु त्यांचे वय बहात्तर, एका डोळ्यास मोतीबिंदू, आणि समोर हातभर दिसेना असे धुके. दादांना वाचविण्याच्या गडबडीत आणखी एका घराचा आधार आम्ही पणास लावला होता, ही जाणीव त्या दिवसापासून मनातून जात नाही.

पूर्वी असे नव्हते. चिटणीस की गोठमधील आमच्या वाड्यात अँबेसेडर होती. ती रुसली की पुढे हँडल घालून फिरवीत, आणि तेवढ्याने न भागले तर वाड्यातील सारी मुले ‘जोर लगाके’ म्हणत तिला धक्का देत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलची गरज सरत गेली. अँबेसेडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. आता आमच्या गुडघ्यांस्तव चिरंजीवांनी घेऊन दिलेली गाडी ऑटोमॅटिक आहे. ती धक्क्याने सुरूच होत नाही. आणि होत असती तरी धक्का देणार कोण? गल्लीतली मुले पुण्यास, बंगळूरास, सागरापार गेली. उरलो आम्ही सारे साठीच्या पलीकडचे. आपल्यापैकी इंदूर, बडोदे, बेळगावकडील वाचकांच्या गल्ल्यांचे चित्र याहून फार निराळे असेल, असे आम्हांस वाटत नाही.

सौभाग्यवतींचा अखेरचा आक्षेप मात्र सर्वांत जड होता. त्या म्हणाल्या, “प्रत्येकाने आपापली पेटी घेतली की कोणी कुणाचे दार वाजवायचे नाही. मग शेजार हवा कशाला?” यावर आम्ही बरेच दिवस निरुत्तर होतो. अखेरीस उत्तर सुचले ते असे : शेजाऱ्यास हाक मारणे निराळे आणि त्यास धुक्यात गाडी हाकावयास लावणे निराळे. वस्तू घ्यावी, पण ती दोन घरांत मिळून एक घ्यावी. प्राध्यापकांना विचारले, तर ते निम्मी रक्कम घेऊनच आले!

घेताना पाहावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पेटीवर हजार-दोन हजार अँपिअरचे आकडे छापलेले असतात. ते क्षणभराच्या जोराचे असतात, त्यांना भुलू नये. आपल्या इंजिनाच्या आकारास ती पुरेशी आहे असे लिहिलेले पाहावे; डिझेल गाडीस अधिक जोराची लागते. चिमटे उलटे लागल्यास वीज रोखणारी सोय हवीच. स्टार्टर काही सेकंदच फिरवावा, मग थोडे थांबावे. गाडी सुरू झाल्यावर निदान अर्धा तास चालू ठेवावी. बॅटरी फुगलेली वा पाझरणारी असेल तर पेटी लावूच नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही पेटी गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे पोट ६० अंशांवर तापते आणि लिथियमला ते सोसत नाही. ती घरातल्या कपाटात राहावी आणि दर तीन महिन्यांनी भरावी. आम्ही त्यासाठी सणच नेमले आहेत : दसरा, संक्रांत, गुढीपाडवा आणि आषाढी. सणांची आठवण प्राध्यापकांच्या घरी कुणास ना कुणास राहतेच. म्हणून पेटी त्यांच्याकडे ठेवावी असे ठरले. आम्हांस लागेल तेव्हा त्यांचे दार वाजवावे लागेल, ही गोष्ट सौभाग्यवतींस विशेष पसंत पडली. या वर्षीची संक्रांत जवळ आली आहे. तिळगूळ द्यावयास जाऊ, तेव्हा पेटीही भरून ठेवू.