पिवळ्याचा लाल

ऑक्टोबरच्या उन्हात पुण्याच्या पाषाण तलावाकाठी चतुर पाहायला गेलो की माझी नजर आधी पाणकणसाच्या वाळक्या टोकांवर जाते. तिथे लाल नर ठाण मांडून असतो. डोळ्यांपासून शेपटीपर्यंत लालभडक, शेपटीवरून गेलेली बारीक काळी रेघ, पंखांच्या मुळाशी मधाळ छटा. शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्व्हिलिया.

माशी दिसली की झेप, पायांच्या जाळीत पकड आणि पुन्हा तीच काडी. दुसरा लाल नर हद्दीत शिरला, तर पाण्यावरून लांबवर पाठलाग. भर दुपारी तो शेपूट थेट सूर्याकडे उभी करतो. त्यामुळे अंगावर कमी ऊन पडतं.

काठापासून दूर, गवतात, याच जातीचे पिवळे चतुर बसलेले असतात. काही माद्या, बाकीचे कोवळे नर. वयात येताना नर लाल होतात. ते कसं, हे जपानच्या ऱ्यो फुताहाशी आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. रंगद्रव्य तेच राहतं, त्याचं फक्त क्षपण होतं. पिवळ्या चतुरांना क जीवनसत्त्व टोचलं, तर तेही लाल झाले. हळदीचं कुंकू होण्याची प्रक्रिया वेगळी, पण चमत्कार तसाच.

त्याआधीचं आयुष्य पाण्याखाली जातं. मातकट अळी दबा धरून बसते. डासाची अळी टप्प्यात आली की दुमडून ठेवलेला तिचा खालचा ओठ झटक्यात पुढे येऊन भक्ष्य ओढून घेतो. कल्ले गुदद्वाराच्या आत असतात. धोका जाणवला की तिथलं पाणी जोरात मागे सोडून ती पुढे निसटते.

वाढ पुरी झाल्यावर ती देठावर चढून कात टाकते. देठाला चिकटलेली अशी कात भिंगाखाली धरली की पाठीच्या चिरेतून पांढरे धागे लोंबताना दिसतात. ते जुन्या श्वासनलिकांचं अस्तर.

नर-मादीचं मीलन हवेतल्या हवेत, काही क्षणांत उरकतं. लगेच मादी शेपटीचं टोक पाण्याला टेकवत अंडी घालू लागते आणि नर तिच्यावर घिरट्या घालतो. चतुरांच्या बऱ्याच जातींत शेवटचा नर आधीच्याचं बीज बाजूला सारतो, म्हणून हा पहारा. शेजारच्या काडीवरचा नर उठला की याला त्याच्यावर तुटून पडावंच लागतं. तेवढ्यात कधी तिसराच मादीला गाठतो.